चष्म्याच्या काडीवर लोगो: फ्रेमच्या कारखान्यात काय बघून यावं

नव्या फ्रेमांवर आमचं नाव कसं टाकायचं, हे ठरवायला फ्रेमच्या कारखान्यात जाऊन आलो. दरपत्रकात सगळे पर्याय एकाखाली एक मांडलेले असतात आणि फरक फक्त पैशांचा वाटतो. आत फिरलं की कळतं, प्रत्येक पर्याय कारखान्याच्या वेगळ्या टप्प्यावर घडतो. लोगो जितका कच्च्या मालाजवळ, तितका तो पक्का, महाग आणि बदलायला अवघड. पॅकिंगच्या टेबलाजवळ आला की स्वस्त, सोयीचा, पण नाजूक. म्हणून जाल तेव्हा आधी नमुन्यांच्या खोलीत बसू नका. चहा नंतरही मिळतो. पहिल्या यंत्रापासून चालत या.

अ‍ॅसिटेट म्हणजे फ्रेमांसाठी वापरतात ते एक प्लास्टिक; त्याच्या काडीत ताकदीसाठी धातूची तार असते. काडी गरम करून ती आत घुसवतात. काडी पारदर्शक असेल तर तार बाहेरून दिसते, आणि तिच्यावर आधीच नाव किंवा नक्षी उमटवलेली असली तर तो लोगो पुसला जाण्याचा प्रश्नच मिटतो. मात्र त्यासाठी तार खास बनवून घ्यावी लागते, म्हणजे ऑर्डर मोठी हवी. काळ्या किंवा गडद काडीत तर हा खर्च कुणाला दिसणारही नाही.

पुढे पॉलिशची पिंपं. लाकडाच्या बारीक तुकड्यांबरोबर फ्रेमा त्यात तासन्‌तास गोल फिरत असतात आणि कडा गुळगुळीत होऊन बाहेर पडतात. उथळ कोरलेलं अक्षर या पिंपात गेलं तर त्याच्याही कडा बोथट होतात. त्यामुळे कुठलीही पद्धत दाखवली की एकच प्रश्न विचारायचा: हे पॉलिशच्या आधी की नंतर?

माझा सगळ्यात जास्त वेळ लोगोच्या धातूच्या पट्टीपाशी गेला. काडीत खाच पाडतात, पट्टीच्या मागे दोन बारीक खुंट्या असतात, त्या भोकांत दाबून बसवतात. दिसायला ही सगळ्यात भारदस्त. पण पट्टीच्या कडेवरून नख फिरवून बघा. नख अडकलं तर केसही अडकणार. नुसत्या गोंदावर चिकटवलेली पट्टी असेल तर काडी गरम करून वाकवून दाखवायला सांगा, कारण ऑप्टिशियन गिऱ्हाइकाच्या कानाला काडी बसवताना नेमकं तेच करतो. लोगो बिजागरीला खेटून नको आणि कानामागच्या वळणावरही नको. तिथे उष्णता, ताण आणि घाम तिन्ही पोचतात.

हॉट फॉइलमध्ये तापलेला धातूचा ठसा वर्खावर दाबतात आणि अक्षर किंचित खोल जाऊन बसतं. खोल असल्यामुळे घासलं जाणं कमी. काडीच्या आतल्या सपाट बाजूला सोनेरी किंवा रुपेरी नाव हवं असेल तर मला हीच पद्धत आवडली. गोलाईवर मात्र ठशाची कड नीट टेकत नाही, अक्षराचं एक टोक फिकं येतं.

गोलाईसाठी पॅड प्रिंटिंग. कोरलेल्या प्लेटवरची शाई सिलिकॉनची मऊ गादी उचलते आणि काडीवर टेकवते. रंग कितीही घ्या, पण प्रत्येक रंगाला वेगळी प्लेट, वेगळा टप्पा. टीआर-९० सारख्या साच्यातून काढलेल्या प्लास्टिकवर शाई सहजी धरत नाही. आधी साफसफाई आणि बहुधा प्रायमर, म्हणजे शाई धरावी म्हणून द्यायचा थर, लागतो. छापावर ब्लेडने आडव्या-उभ्या रेघा मारा, चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढा. पट्टीवर शाईचे कण दिसले तर बाकीची चर्चा पुढे ढकला.

लेझरमध्ये शाईच नसते, त्यामुळे सोलून निघण्यासारखं काही नाही. टायटॅनियमवर निर्धास्त करा. मुलामा दिलेल्या दुसऱ्या धातूवर किरण मुलामा फोडून खाली पोचतो का, हे विचारा. पोचत असेल तर घामाला तिथेच वाट मिळते. अ‍ॅसिटेटवर लेझरची खूण प्रत्येक रंगात वेगळी दिसते, फिक्या पारदर्शक रंगात तर जेमतेम वाचता येते. म्हणून काळ्या फ्रेमवरचा देखणा नमुना बघून हो म्हणू नका. तुम्ही घेणार त्या प्रत्येक रंगावर करून मागा.

काडीच्या आत जागा किती उरते हेही मोजा. ५२□१८ १४० असा आकार (काचेची रुंदी, नाकावरचं अंतर, काडीची लांबी, सगळं मिलिमीटरमध्ये), मॉडेल, रंगाचा क्रमांक, युरोपात विकायचं तर सीई खूण (माल तिथल्या नियमांत बसतो याची), एवढं तिथे असतंच. युरोपात त्वचेला सतत टेकणाऱ्या धातूतून निकेल दर चौरस सेंटिमीटरला आठवड्याला ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त सुटलेलं चालत नाही. आतल्या बाजूची लोगोची पट्टीही त्यात आली, तिचा अहवाल मागा.

जाण्याआधी लोगो खऱ्या मापात कागदावर छापून, कापून एखाद्या काडीवर चिकटवून बघा. पडद्यावर ऐटीत दिसणारी अक्षरं काडीवर दोन-तीन मिलिमीटरची होतात. देवनागरी नाव असेल तर वेलांट्या आणि जोडाक्षरांतल्या पोकळ्या शाईने भरून जातात, तेव्हा काडीपुरता साधा लोगो वेगळा काढून न्या. सोबत भिंग, चिकटपट्टी आणि स्पिरिटचे बोळे ठेवा.

आम्ही अ‍ॅसिटेटला बाहेरून खुंट्यांची छोटी पट्टी आणि आतून फॉइल घेतलं, टायटॅनियमला लेझर. छपाई फक्त पहिल्या चाचणीच्या मालापुरती, कारण नावाची ठेवण अजून बदलू शकते. दर ठरवताना ठसा, प्लेट आणि साच्याचा एकदाचा खर्च नगाच्या भावातून वेगळा काढून घ्या. ते पैसे दिल्यावर ठसा कुणाच्या मालकीचा, हेही ऑर्डरवर लिहून घ्या. पसंत केलेल्या नमुन्याच्या दोन जोड्या सहीनिशी करा, एक त्यांच्याकडे, एक तुमच्याकडे.