व्याह्यांना कोण कापणार?

भाचीचं लग्न ठरलं तशी मामाची कामंही ठरली. बोहल्यावर तिच्या मागे उभं राहणं हे परंपरेनं आलं. रिसेप्शनचा फोटोंचा स्लाइड शो मात्र "तू नाहीतरी दिवसभर कॉम्प्युटरपुढेच असतोस" या कारणानं आला. दुसऱ्याच दिवशी ताईनं एक पिशवी आणून दिली. साडीच्या दुकानाची पिशवी, आत तीन पिढ्या.

ती पलंगावर ओतली आणि कळलं, आमच्या घराण्यात एका पिढीचं माप दुसरीला बसत नाही. आई-बाबांच्या लग्नाचे, १९६८ सालचे फोटो चौरस. १२० नंबरचा रोल, त्यावर बाराच फोटो निघायचे. त्यामुळे प्रत्येक फोटोत माणसं श्वास रोखून उभी. ताईचं लग्न १९९१ चं, रंगीत, छत्तीस फोटोंच्या रोलवरचं. ते ३:२, म्हणजे रुंदी तीन तर उंची दोन, पोस्टकार्ड साइझ. भाचीचे सगळे मोबाइलमधले, ४:३, आणि त्यातलेही निम्म्याहून जास्त उभे. हे सगळं बसवायचं होतं टीव्हीच्या १६:९ मध्ये.

हे १६:९ कुणी ठरवलं? १९८० च्या दशकात अमेरिकेत कर्न्स पॉवर्स नावाच्या इंजिनिअरनं जुन्या टीव्हीच्या ४:३ पासून सिनेमाच्या लांबलचक पडद्यापर्यंत सगळे आयत सारख्या क्षेत्रफळाचे केले आणि एकावर एक ठेवले. सगळ्यांना सामावून घेणारा मधला आकार निघाला तो हा. म्हणजे याद्यांची बैठकच की! एक बाजू म्हणते आखूड, दुसरी म्हणते लांब, मध्यस्थ एक आकडा काढतो आणि कुणाच्याच मनासारखं न होता सगळे चहा घेतात.

सॉफ्टवेअरमध्ये दोन बटणं होती, फिल आणि फिट. आधी फिल दाबून पाहिलं. पडदा काठोकाठ भरला, आणि बाबांची टोपी गेली. टोपीपाठोपाठ कपाळ गेलं, खालून आईच्या नऊवारीचा काठ गेला. चौरस फोटोचा जवळजवळ ४४ टक्के भाग त्या बटणानं खाल्ला होता. ताई-भावजींच्या उभ्या फोटोचं तर विचारूच नका. त्याचा फक्त ३७.५ टक्के भाग उरला. पडदाभर शालूचा पदर, हार आणि उपरण्याची गाठ. लग्न कुणाचं ते शेवटपर्यंत कळू नये अशी व्यवस्था.

फिट दाबलं की माणसं पूर्ण दिसतात, पण दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात. भाचा म्हणाला, "मामा, मागे ब्लर टाक ना, सगळे तेच करतात." टाकून पाहिलं. मूळ फोटोच्या दोन्ही अंगांना त्याच फोटोचं सुजलेलं भूत, जणू आजोबांना वाफारा दिलाय. मला तो प्रकार अजिबात आवडत नाही. जागा रिकामी आहे तर असू द्यावी, पंगतीत पान कमी पडलं म्हणून कुणी शेजारच्या पानाची सावली वाढत नाही. ताईची हरकत निराळीच होती. "शुभकार्यात काळं कशाला?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पट्टे कुंकवाच्या रंगाचे केले.

या खटाटोपात एक गोष्ट मात्र फार गोड निघाली. मोबाइलचे दोन उभे फोटो, ३:४ चे, शेजारी शेजारी ठेवले की बरोब्बर ३:२ चा एक आडवा फोटो होतो. तसूभर कमी नाही, जास्त नाही. भाची आणि तिचा होणारा नवरा, दोघांचे वेगवेगळ्या गावी, वेगवेगळ्या वर्षी काढलेले फोटो असे चिकटवले आणि ताईच्या लग्नातल्या फोटोइतकी जागा त्यांनी व्यापली. मी उगाचच दोनदा मोजून पाहिलं.

मग तो ग्रुप फोटो हातात आला.

ताईच्या लग्नातला हा फोटो आमच्या बैठकीच्या खोलीत आठ बाय दहाच्या फ्रेममध्ये गेली तीसहून अधिक वर्षं लटकलाय. त्यात सगळे आहेत, धाकटे काका नाहीत. उजव्या टोकाला काकू आहेत आणि त्यांच्या खांद्यापाशी सफारीच्या बाहीची एक करडी चीर. बस्स. काकूंनी यावर कधी भांडण केलं नाही. फक्त दर दिवाळीला घरी आल्या की फ्रेमखालच्या खुर्चीवर न बसता समोरच्या खुर्चीवर बसायच्या आणि एकदा तरी म्हणायच्या, "मोठ्या घरच्या भिंतीवर जागा मिळायला नशीब लागतं." जमिनीच्या वाटणीचं काहीतरी जुनं होतंच. त्यामुळे सगळ्यांनी धरून चाललं की काकांना कुणीतरी मुद्दाम कापलं.

पिशवीतल्या पोस्टकार्ड प्रिंटमध्ये काका अख्खे होते. करडी सफारी, खिशाला पेन, हातात कुणाची तरी रडकी पोर. आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. फोटो ३:२. आठ इंच उंच करायचा तर बारा इंच लांब हवा, फ्रेम दहाची. दोन इंच कुठून तरी जाणारच. डाव्या टोकाला व्याही उभे होते. त्यांना कोण कापणार? ती दोन इंचांची कात्री मुकाट्यानं आमच्या बाजूला सरकली. मनात पाप कुणाच्याच नव्हतं, हिशेब मापाचा होता. अर्थात डावं की उजवं हे ठरवलं माणसानंच, हेही खरं. बाबांना विचारायची सोय आता उरलेली नाही.

तो फोटो मी पूर्ण ठेवला, बाजूला कुंकवाचे पट्टे. बाकीचे पाच-पाच सेकंद, हा नऊ.

रिसेप्शनला हॉलवर पोचलो तर टीव्ही नव्हता, एलईडी वॉल होती. बारा फूट बाय आठ फूट. बारास आठ म्हणजे ३:२! तीन आठवडे १६:९ च्या पेटीत कोंबलेले ताईचे फोटो या भिंतीवर काही न करता जसेच्या तसे बसले असते. आता वर आणि खाली साडेसात साडेसात इंचांची रिकामी पट्टी राहणार होती, आणि बाजूचे कुंकवाचे पट्टे होतेच. मी कपाळाला हात लावून उभा. ऑपरेटर पोरगा म्हणाला, "काका, टेन्शन नका घेऊ, ताणतो," आणि मी नको म्हणेपर्यंत त्यानं ताणलं.

अख्खं खानदान जवळजवळ एक पंचमांशानं उंच झालं. बाबांची टोपी बुरुजासारखी, आईचा अंबाडा कळसासारखा. भावजी, ज्यांना ताईनं उंचीवरून तीस वर्षं चिडवलंय, ते सिनेमातल्या हिरोसारखे. मी ऑपरेटरकडे धावणार तेवढ्यात आत्यानं माझी बाही धरली. "अरे, किती बारीक दिसतेय मी! हा आत्ताचा मला व्हॉट्सॲपवर पाठव. असाच पाठव हं, घरचा नको."

ग्रुप फोटो आला तेव्हा काकू पहिल्या रांगेत होत्या. काकांना जाऊन सहा वर्षं झाली. नऊ सेकंद त्या हातातली आइस्क्रीमची वाटी तशीच धरून बसल्या.

"एवढे उंच नव्हते हो हे," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "काकू, ते ताणलंय. नीट करायला सांगू?"

"असू दे."