सेलबोर्नचा झिगझॅग उतरू नका, सांगून ठेवतोय

लंडनच्या एका वकिलाच्या मागावर निघालो आणि हॅम्पशरच्या चिखलात बसलो, अशी एकूण गोष्ट आहे. वकील म्हणजे डेन्स बॅरिंग्टन, जन्म १७२७, पुढे वेल्समध्ये जज्ज. एक भाऊ ॲडमिरल, एक बिशप, त्यामुळे पोटापाण्याची चिंता नाही आणि नसत्या चौकश्या भरपूर! १७६५ ला छोट्या मोझार्टची परीक्षा घेतली, वर पोराचं खरं वय कळावं म्हणून साल्झबुर्गहून जन्माची नोंद मागवली. पोरगं वाजवता वाजवता मांजर दिसलं म्हणून उठून पळालं, हेही लिहून ठेवलंय पठ्ठ्याने.

हॅम्पशरातल्या सेलबोर्न गावचे पाद्री आणि निसर्ग-अभ्यासक गिल्बर्ट व्हाइट हे बॅरिंग्टनचे पत्रमित्र. १७८९ च्या त्यांच्या सेलबोर्नच्या निसर्गावरच्या पुस्तकातल्या ११० पत्रांपैकी ६६ याला लिहिलेली, म्हणून तिकडे गेलो.

ऑल्टन स्टेशनहून टॅक्सी केली ती चूक. चार-पाच मैलांचे इतके पैसे घेतले की आकडा घरी अजून सांगितलेला नाही. बसची वेळ बघूनच निघा. व्हाइटचं घर, बाग छान आहे, बघाच.

आता झिगझॅग. १७५३ मध्ये व्हाइट आणि त्यांच्या भावाने गावामागच्या बीच (समुद्रकिनारा नव्हे, झाडाचं नाव) झाडीतून टेकडीवर खोदलेली नागमोडी वाट. ओळखीतला एकजण म्हणाला, "अरे सारसबागेत फिरल्यासारखं आहे." सारसबाग!! चढताना ठीक, आदल्या रात्री पाऊस झालेला तरी दम लागला इतकंच. उतरताना मात्र खाली खडूचा दगड, वर बीचची ओली पानं, पान सरकलं की खाली साबण. दुसऱ्याच वळणावर बसलो, उठलो, चौथ्यावर परत बसलो, आणि शेजारून एक आजी काठी टेकत आरामात वर गेल्या. तर झिगझॅगने चढा आणि बोस्टलने उतरा, ती १७८० ची तिरकी वाट आहे, लांब पण सौम्य. मला हे खाली पोचल्यावर कळलं.

दुसऱ्या दिवशी लंडनला टेंपल, म्हणजे वकिलांची पेठच. किंग्ज बेंच वॉकवर बॅरिंग्टन राहायचा, टेंपल चर्चमध्येच त्याला पुरलंय. शनिवारी जाऊ नका, बहुतेक फाटकं बंद असतात, मी तीन फाटकं हलवून पाहिली. चर्चला तिकीट आहे. आणि आधी बूट धुवा, माझ्या बुटांवरची सेलबोर्नची पांढरी माती तिकीटवाल्या बाईंच्या नजरेतून काही सुटली नाही.