१५,९२१ : एका चौकटीचे तीन दिवस

सचिन तेंडुलकरच्या दोनशेव्या आणि शेवटच्या कसोटीत, वेस्ट इंडीजविरुद्ध, वानखेडेच्या प्रेस बॉक्समध्ये माझ्याकडे दोन कामं होती. एक, चेंडूगणिक धावनोंद. दुसरं, क्रीडापानावर छापायची कारकिर्दीची चौकट. पहिलं काम मैदानाकडे बघून करायचं असतं, दुसरं कॅल्क्युलेटरकडे बघून. एरवी दोन्ही एकत्र सहज जमतात. १५ नोव्हेंबर २०१३ला, म्हणजे सामन्याच्या दुसऱ्या दिवशी, जमवताना दमछाक झाली.

सामना सुरू होण्यापूर्वी चौकट अशी होती : कसोटी १९९, डाव ३२८, नाबाद ३३, धावा १५,८४७, सर्वोच्च नाबाद २४८, शतकं ५१, अर्धशतकं ६७, सरासरी ५३.७१. मालिकेतल्या आधीच्या, कोलकात्याच्या कसोटीत तो १० धावांवर पायचीत झाला होता आणि भारताने डावाने जिंकल्यामुळे दुसरी संधी मिळाली नव्हती. तिथे जाण्यापूर्वी सरासरी ५३.८६ होती. एका छोट्या खेळीने पंधरा शतांश गेले.

सरासरी काढताना डावांच्या संख्येने भागत नाहीत, बाद झालेल्या डावांच्या संख्येने भागतात. ३२८ वजा ३३ म्हणजे २९५. १५,८४७ भागिले २९५ केलं की उत्तर येतं ५३.७१८६. इथे नवखा उपसंपादक हमखास ५३.७२ करतो. बहुतेक क्रिकेट नोंदींत दोन दशांशांनंतरचा आकडा कापून टाकायची रूढी आहे, शाळेतल्या गणितासारखा वर ढकलायची नाही. मला ही रूढी पटते. ४९.९९६ सरासरीच्या फलंदाजाला पन्नास बहाल करण्यात काही अर्थ नाही.

आदल्या रात्री एक तक्ता करून ठेवला होता. निवृत्तीच्या सामन्यात आकडे डोक्यात करत बसलं तर पान लावणाऱ्यांची पंचाईत होते, म्हणून सगळ्या शक्यता आधीच मांडायच्या. पुन्हा एकदा बाद झाला तर भाजक २९६. शून्यावर गेला तर ५३.५३. बाद होऊनही सरासरी खाली येऊ नये यासाठी किमान ५४ धावा. शंभरावर बाद झाला तर ५३.८७. बरोबर १३७ केल्या तर १५,९८४ भागिले २९६, म्हणजे नेमके ५४, दशांशाच्या पुढे काही नाही. १५३ केल्या तर १६,००० धावा पूर्ण आणि सरासरी ५४.०५. नाबाद राहिला तर भाजक २९५च राहतो, मग ५४ गाठायला ८३ पुरेत. तेवीस-चोवीस वर्षांच्या कारकिर्दीनंतर एक धाव सरासरीला फक्त ०.००३ने हलवते. तीन धावा झाल्या की शतांशाचा आकडा साधारण एकाने सरकतो.

पहिल्या दिवशी धोनीने नाणेफेक जिंकून वेस्ट इंडीजला फलंदाजी दिली. सगळे १८२ धावांत बाद. प्रग्यान ओझाने ४० धावांत पाच बळी घेतले, अश्विनने तीन. अश्विनचा शंभरावा कसोटी बळी याच डावात आला, अठराव्या कसोटीत. इतक्या कमी सामन्यांत शंभर बळी कुठल्याही भारतीयाने घेतले नव्हते. दुसऱ्या कुठल्याही दिवशी त्याला पानाच्या वरच्या अर्ध्यात जागा मिळाली असती. त्या दिवशी तीन ओळी मिळाल्या, त्याही भांडून.

मग भारताचा डाव. बिनबाद ७७ असताना शेन शिलिंगफर्डने एकाच षटकात शिखर धवन आणि मुरली विजय या दोघांना घालवलं. ७७ वर एक, ७७ वरच दोन. स्कोअररसाठी हे अवघड षटक. दोन बळी, दोन नवे फलंदाज, दोन नवे रकाने आणि मधे एकही धाव नाही, त्यामुळे ताळा करायला आधार कमी. त्यात विजय बाद होताच स्टेडियमने जल्लोष केला. घरच्या संघाचा गडी पडल्यावर टाळ्या पडणं चौथ्या क्रमांकावर सचिन खेळायला लागल्यापासून भारतात सवयीचं झालं होतं, पण इथे विजय पॅव्हेलियनपर्यंत पोहोचायच्या आत सगळे उभे होते. प्रेस बॉक्समध्येही पुढच्या रांगा उभ्या राहिल्या आणि मागे बसलेल्याला पंच दिसेनासे झाले.

पंच दिसणं हे या कामात चेंडू दिसण्याइतकंच महत्त्वाचं. मी लिनियर पद्धतीने लिहितो. एका षटकाला एक आडवी ओळ. डावीकडे वेळ, मग दोन टोकांचे गोलंदाज (वानखेडेवर एक टाटा एंड, दुसरं गरवारे पॅव्हेलियन एंड), मग दोन फलंदाजांचे रकाने, शेवटी संघाची एकूण धावसंख्या, बळी आणि शेरा. प्रत्येक चेंडू खेळणाऱ्या फलंदाजाच्या रकान्यात जातो, त्यामुळे कुठल्या गोलंदाजाचे किती चेंडू कोणी खेळले हे दिवसअखेर ओळींवर बोट फिरवून मोजता येतं. निर्धाव चेंडूला टिंब, बाइजना (बॅट किंवा अंगाला न लागता पळालेल्या धावा) त्रिकोण, लेगबाइजना (बॅटला नव्हे, पॅडला किंवा अंगाला लागून पळालेल्या धावा) उलटा त्रिकोण, नो-बॉलला वर्तुळ, वाइडला अधिकचं चिन्ह. वाइड चेंडू फलंदाजाच्या चेंडूंत धरत नाहीत. नो-बॉल, बाइज आणि लेगबाइज धरतात. ‘इतक्या चेंडूंत इतक्या धावा’ या आकड्यात दोन पेपरांमध्ये फरक पडतो तो बहुधा इथेच.

गर्दीच्या आवाजात घोटाळा होतो तो लेगबाइजचा. पंच गुडघ्याला हात लावून खूण करतात, पण ती चेंडू मृत झाल्यावर. तोवर लोकांनी पॅडला लागून गेलेल्या धावेलाही सचिनची धाव म्हणून आरोळी ठोकलेली असते आणि आजूबाजूचे चार जण आपापल्या वहीत ती त्याच्या नावावर लिहून मोकळे. उपाय एकच. खूण होईपर्यंत पेन कागदावर टेकवायचं नाही.

पहिल्या दिवसअखेर २ बाद १५७. ताळा असा : विजय ४३, धवन ३३, पुजारा नाबाद ३४, सचिन नाबाद ३८, बेरीज १४८. अवांतर ९. एकूण १५७. सलामीची जोडी असताना ७७मधली फक्त एक धाव अवांतर होती. पुढच्या ८०मध्ये आठ. लेगबाइजबद्दल वर जे म्हटलं ते अशा आकड्यांमुळे.

३८ नाबादवर चौकट काय लिहायची? चालू डाव मोजायचा, पण नाबाद म्हणून. डाव ३२९, नाबाद ३४, धावा १५,८८५, सरासरी ५३.८४. डाक आवृत्तीसाठी, म्हणजे बाहेरगावी जाणाऱ्या अंकासाठी, हीच गेली, शेजारी ‘खेळ सुरू’ असा शेरा टाकून. शेरा नसता तर वाचकाला सकाळी ५३.८४ दिसलं असतं, आणि पहिल्याच चेंडूवर तो बाद झाला असता तर त्याच धावांची सरासरी ५३.६६. तोच माणूस, त्याच धावा, फरक फक्त भाजकात.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मोकळेपणाने खेळला. टिनो बेस्टला मारलेल्या सरळ ड्राइव्हने अर्धशतक पूर्ण झालं, कसोटीतलं अडुसष्टावं. आदल्या दिवशीच्या ७३ चेंडूंत ३८ आणि आता पुढच्या ४५ चेंडूंत ३६. त्या पाऊण-एक तासात प्रेस बॉक्समधलं वातावरण शतक धरूनच चाललं होतं. मथळे तयार होत होते. माझ्या तक्त्यात ८३ नाबादची ओळ अधोरेखित केलेली होती, पण नाबाद कुठून राहणार, पहिल्या डावात अजून आठ गडी हातात होते.

७४ वर नरसिंग देवनारायणचा एक चेंडू थोडा उसळला. सचिनने कट करायचा प्रयत्न केला आणि कड लागून स्लिपमध्ये डॅरेन सॅमीने झेल घेतला. देवनारायण मुळात फलंदाज, कामचलाऊ ऑफस्पिनर. नोव्हेंबर २०११मध्ये याच मैदानावर, याच संघाविरुद्ध सचिन ९४ वर बाद झाला तेव्हाही झेल सॅमीचाच होता, गोलंदाज रवी रामपॉल. वानखेडेवरचं त्याचं कसोटी शतक एकच राहिलं, श्रीलंकेविरुद्ध १९९७ मधलं १४८.

बाद झाल्यावर फलंदाजाकडे बघायचं नाही. सगळं स्टेडियम तिकडेच बघत असतं, म्हणून तर कोणीतरी पंचांकडे बघायला हवं. आधी बोट वर गेलं का. मग पंच नो-बॉल पडताळायला तिसऱ्या पंचांकडे वळतात का. या मालिकेत डीआरएस (पंचांच्या निर्णयाला खेळाडूंनी आव्हान देण्याची पद्धत) नव्हतं, त्यामुळे खेळाडूंच्या रिव्ह्यूचा प्रश्न नव्हता, पण पाऊल रेषेपलीकडे पडलं का हे मैदानावरचे पंच विचारू शकत होते. मग वेळ लिहायची. मग झेल कोणाचा, हे यष्टिरक्षक आणि स्लिप जवळजवळ उभे असताना नीट बघून. मग फलंदाजांनी झेल पूर्ण होण्यापूर्वी एकमेकांना ओलांडलं का. तेव्हाच्या नियमाप्रमाणे ओलांडलं असेल तर नवा फलंदाज दुसऱ्या टोकाला जायचा आणि पुढचा चेंडू जुना खेळायचा. २०२२मध्ये हा नियम बदलला. स्लिपमधल्या झेलात ओलांडणं जवळपास अशक्य, तरी बघायची सवय ठेवावी. उंच उडालेल्या झेलात ती उपयोगी पडते.

त्यानंतर बेरजा. ७४ धावा, ११८ चेंडू, १२ चौकार. म्हणजे ४८ चौकारांच्या, २६ पळून. तिसरा गडी २२१ वर. भागीदारी २२१ वजा ७७, १४४. हे लिहीत असताना पुढचा फलंदाज निघालेला असतो आणि त्यालाही घड्याळ लागू असतं. कसोटीत नव्या फलंदाजाने तीन मिनिटांत चेंडू खेळायला तयार असावं लागतं, नाहीतर ‘टाइम्ड आउट’चं अपील होऊ शकतं. बाहेर जाणाऱ्याला मानवंदना कितीही लांबली तरी नियम तोच. विराट कोहली वेळेत आला. त्याने ५७ केल्या. लोकांना त्या फारशा आठवत नाहीत, याचा दोष त्याच्याकडे नाही.

आता चौकट : ३२९ डाव, ३३ नाबाद, १५,९२१ धावा, सरासरी ५३.७८७१, म्हणजे ५३.७८. पण ती बंद करता येईना. भारताला पुन्हा खेळावं लागलं तर आणखी एक डाव येऊ शकत होता. मी ‘तात्पुरती’ असं लिहून पान सोडलं. डेस्कवरून दोनदा विचारणा झाली की एवढं झाल्यावर तात्पुरती कशाला. तारखेची गोष्ट मात्र त्यांनी मथळ्याजवळ घेतली आणि ती घेण्यासारखीच होती. कराचीतली पहिली कसोटी १५ नोव्हेंबर १९८९ला सुरू झाली होती. शेवटची खेळी संपली ती चोवीस वर्षांनी त्याच तारखेला. पहिल्या डावात त्याला १५ धावांवर वकार युनूसने त्रिफळाचीत केलं होतं, आणि वकारचीही ती पहिलीच कसोटी होती.

भारताचा डाव ४९५ वर संपला. पुजारा ११३, रोहित शर्मा नाबाद १११. रोहितने कोलकात्यात पदार्पणात १७७ केल्या होत्या, म्हणजे पहिल्या दोन कसोटींत दोन शतकं. आघाडी ३१३. दिवसअखेर वेस्ट इंडीज ३ बाद ४३, अजून २७० मागे. त्या क्षणी सचिन पुन्हा फलंदाजीला येण्याची शक्यता गणिताने शिल्लक होती, क्रिकेटने नाही.

तिसऱ्या दिवशी १८७ वर सगळे बाद. डाव आणि १२६ धावांनी विजय. ओझाने ४९ धावांत पुन्हा पाच घेतले, सामन्यात ८९ धावांत दहा, सामनावीरही तोच. पुढे कळलं की ओझाचीही ती शेवटचीच कसोटी होती. २४ कसोटी, ११३ बळी. दोघे एकाच सामन्यात संपले, आणि एकाचंच संपणं लोकांना ठाऊक होतं.

फलंदाजीची ओळ बंद झाली तरी चौकटीत गोलंदाजीची ओळ असते, आणि ती विसरली जाते. दुसऱ्या डावात सचिननेही दोन षटकं टाकली. बळी मिळाला नाही. शेवटचा बळी कोलकात्यातला, शिलिंगफर्डचा. एकूण ४६ बळी, २,४९२ धावा, सरासरी ५४.१७. गोलंदाजीची सरासरी फलंदाजीच्या सरासरीपेक्षा थोडी जास्त, असं मोठ्या कारकिर्दीत क्वचित दिसतं. सामन्यानंतरचं भाषण होऊन गेलं, चौकट पानात बसली, आणि दुपारी भारतरत्न जाहीर झालं, शास्त्रज्ञ सी. एन. आर. राव यांच्यासोबत. पान पुन्हा उघडलं. चौकटीतून सर्वोच्च धावसंख्येची ओळ काढावी का, अशी सूचना आली. काढली नाही, अक्षरांचा आकार कमी केला.

छापून आल्यावर वाचकांचे फोन आले ते सरासरीबद्दल. ५३.७८७ म्हणजे ५३.७९ व्हायला नको का? ज्यांनी विचारलं त्यांना भागाकार समजावून सांगितला. त्याच पानावर प्रथम श्रेणीचीही ओळ होती. ३१० सामने, २५,३९६ धावा, ८१ शतकं, सरासरी ५७.८४. तिथला भागाकार ५७.८४९७ येतो. त्याबद्दल कोणी विचारलं नाही.