‘अनचार्टेड’चं कौतुक करा, पण ट्रेनपेक्षा त्या गावासाठी

२००९ साली ‘अनचार्टेड २: अमंग थीव्ह्ज’ हा व्हिडिओ गेम आला आणि समीक्षकांनी त्याला डोक्यावर घेतलं. समीक्षकांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिक या साइटवर त्याला शंभरपैकी ९६ गुण आहेत. तेव्हापासून तो बनवणाऱ्या नॉटी डॉग कंपनीच्या आणि सोनीच्या त्याच वळणाच्या गेम्सना भरभरून शाबासकी मिळत आली. दुसरीकडे एक मोठा गट ठामपणे म्हणतो की हे गेम नाहीतच, मधूनमधून बटणं दाबायला लावणारे सिनेमे आहेत. मी दोन्ही बाजू वर्षानुवर्षं वाचतोय आणि दोघांवरही चिडतोय. कौतुक करणारे आणि नावं ठेवणारे, दोघांचंही लक्ष एकाच गोष्टीवर असतं: पडद्यावर काय दिसतं. कंट्रोलर धरलेल्या हाताला काय करायला मिळतं, हे फार कमी जण विचारतात.

‘अनचार्टेड २’ची सुरुवातच घ्या. गेमचा नायक नेथन ड्रेक शुद्धीवर येतो तेव्हा ट्रेनच्या सीटवर असतो, हात रक्ताने माखलेला, आणि डबा बर्फाळ कड्यावरून खाली लोंबकळतोय. दिसायला जबरदस्त आहे, वादच नाही. पण तो डबा चढताना माझ्या हाताला जवळपास काही कामच नसतं. कंट्रोलरची स्टिक वर धरायची, एक्स बटण दाबायचं. जो पाइप तुटायचा तो तुटणारच, आणि ड्रेक वाचायचा तो वाचणारच.

मी सुट्टीच्या दिवशी सह्याद्रीत प्रस्तरारोहण करतो, त्यामुळे मला हे जास्त खुपतं. कातळावर पुढची खोबण सापडेपर्यंत जो वेळ जातो, तोच चढाईचा खरा वेळ. डावा पाय बोटभर कंगोऱ्यावर, पोटरी थरथरायला लागलेली, खालून बिले देणारा, म्हणजे दोर सांभाळणारा, विचारतोय की दोर अजून सोडू का, आणि तुम्ही उजव्या हाताने कातळ चाचपताय. दगड हलतो का? ठोकल्यावर पोकळ वाजतो का? आत ओल आहे का? पुढचं पाऊल यावर ठरतं. ड्रेकच्या भिंतीवर पुढची पकड आजूबाजूच्या दगडापेक्षा वेगळी उठून दिसते, आणि त्याचे हात कधीच भरून येत नाहीत. चौथ्या भागात, २०१६ मध्ये, त्यांनी एक बारीक बदल केला: स्टिक फिरवली की ड्रेकचा मोकळा हात त्या दिशेला लांब होतो आणि पकड टप्प्यात आहे की नाही ते कळतं. तेवढ्यानेही चढाईत जीव आला. शोधायला लागलं की चढाई सुरू होते.

फुमितो उएदाचा ‘शॅडो ऑफ द कोलोसस’ २००५ चा, म्हणजे ‘अनचार्टेड २’च्या चार वर्षं आधीचा. त्यात प्रचंड धिप्पाड प्राण्याच्या अंगावरच्या केसांना धरून वर चढायचं असतं, आणि आर वन बटण दाबून धरलं असेल तोवरच पकड टिकते. प्राणी अंग झटकतो, कोपऱ्यातलं, उरलेली ताकद दाखवणारं वर्तुळ आटत जातं, आणि सोडावं की धरावं हे तुमचं तुम्हाला ठरवायचं असतं. माझं बोट खरोखर दुखायचं. मोठ्या कातळटप्प्यावर जी भीती वाटते तिच्या सगळ्यात जवळ मला याच गेमने नेलं. त्यातली माणसं तोंडातून चार वाक्यंही धड बोलत नाहीत.

आता ज्यासाठी ‘अनचार्टेड २’ला मी मनापासून ते ९६ देईन, ते सांगतो.

सुमारे दोन तृतीयांश गेम झाल्यावर ड्रेक तिबेटी गावात जागा होतो. त्याआधी तासन् तास गोळीबार झालेला असतो. इथे बंदूक नाही. तेन्झिन नावाचा माणूस पुढे चालतो, तिबेटीत बोलतो, ड्रेकला अक्षर कळत नाही आणि खाली सबटायटलही येत नाही, म्हणजे आपल्यालाही कळत नाही. गल्लीत माणसं कामात आहेत. सवयीने तुम्ही ठोसा मारायचं बटण दाबता, आणि ड्रेक समोरच्या गावकऱ्याशी हात मिळवतो. याकपाशी दाबलं तर त्याला थोपटतो.

ही लेव्हल मी आईच्या हातात दिली होती. माझे गेम ती शेंगा सोलता सोलता बघते, ‘हा मेला का रे?’ एवढंच विचारते. त्या दिवशी तिला कंट्रोलर देऊन म्हटलं, इथे कोणी मारत नाही, तू चाल. डाव्या अंगठ्याने चालायचं आणि उजव्याने बघायचं हे जमायला तिला वेळ लागला. ड्रेक भिंतीला धडकत होता, तेन्झिन पुढे जाऊन वाट बघत उभा होता. मग ती एका बाईपाशी थांबली, मी सांगितलेलं बटण दाबलं, आणि ड्रेकने हात पुढे केला. ‘अगंबाई, हा बोलतो होय लोकांशी!’ त्यानंतर तिने त्या गावात एकालाही सोडलं नाही. जेवायची वेळ झाली तरी उठेना.

पुढे त्या गावावर हल्ला होतो तेव्हा घरं ओळखीची असतात. माझ्या आईला तर कोण कुठे बसला होता तेही आठवत होतं. हे सिनेमाला जमलं नसतं. सिनेमात तिने ड्रेकला हात मिळवताना पाहिलं असतं. इथे तिने स्वतः मिळवला. त्याच बटणाने आधी माणसं लोळवली होती, हे मला माहीत होतं, तिला नव्हतं, आणि तरी दोघांवरही परिणाम झाला. अशा लेव्हलला पैसा कमी लागतो असं नाही, पण धाडस नक्की जास्त लागतं, कारण जाहिरातीत दाखवण्यासारखं तिथे काहीच नाही.

‘द लास्ट ऑफ अस’ (२०१३) याच कारणासाठी मोठा आहे. शेवट ज्यांनी पाहिला नाही त्यांनी हा परिच्छेद सोडा. सॉल्ट लेक सिटीच्या हॉस्पिटलात गेमचा नायक जोएल ऑपरेशन थिएटरमध्ये शिरतो. समोर सर्जन, हातात स्काल्पेल. तुम्ही काही केलं नाही तर काहीच घडत नाही. तो तसाच उभा, तुम्ही तसेच उभे. मी कंट्रोलर मांडीवर ठेवून बराच वेळ बसलो होतो. मला त्या सर्जनला मारायचं नव्हतं आणि गेम माझ्याशिवाय ते करणार नव्हता. याच गेमवरच्या २०२३ च्या मालिकेत हाच प्रसंग उत्तम चित्रित केलाय, पण तिथे जोएलने गोळी झाडली आणि मी बघत राहिलो. दोन्हीतला फरक ज्याने खेळलंय त्याला समजावून सांगावा लागत नाही.

ड्रेकसारखा हसतखेळत बोलणारा माणूस शेकडो लोकांना मारतो कसा, हा आक्षेप जुना आहे. गेम डिझायनर क्लिंट हॉकिंग यांनी २००७ मध्ये ‘बायोशॉक’ या गेमबद्दल लिहिताना कथा आणि खेळ यांच्यातल्या या फारकतीला लुडोनॅरेटिव्ह डिसोनन्स म्हटलं. ‘अनचार्टेड ४’मध्ये हजार शत्रू मारले की याच नावाची ट्रॉफी मिळते. आक्षेपाची दखल घेतली हे चांगलं, पण कंबरेएवढ्या भिंती मांडलेल्या पटांगणात शिरलं की आता गोळीबार होणार, हे चौथ्या भागातही लगेच कळतं. तिथे गुण कापायला हवेत, आणि बहुतेकांनी कापले नाहीत.

२०१७ चा ‘अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी’ माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याचा. मेटाक्रिटिकवर ८४. त्याची कथा भारतात घडते, क्लोई फ्रेझर आणि नदीन रॉस गणपतीचा तुटलेला दात शोधतायत, आणि एका संपूर्ण प्रकरणाचं नावच पश्चिम घाट आहे. लाल चिखलात जीप घसरते, चहूकडे धबधबे, हिरव्याचे इतके प्रकार की पावसाळ्यातला घाट ज्याने पाहिलाय तो हरखून जावा. मी जीप थांबवून नुसता उभा राहायचो. पुढे ढिगाऱ्यात अडकलेल्या हत्तीला सोडवून दोघी त्याच्यावर बसून जातात, तोही गोळीबाराशिवायचा भाग, आणि तोच सगळ्यात जास्त लक्षात राहतो.

पण होयसळांचं, म्हणजे कर्नाटकातल्या त्या जुन्या राजघराण्याच्या कलेचं, काय केलंय? गेममधल्या हळेबीडमध्ये डोंगर कोरून काढलेल्या अजस्र मूर्ती आहेत. खरं हळेबीड हासन जिल्ह्यात, सपाटीवर आहे. बाराव्या शतकातलं होयसळेश्वराचं देऊळ बुटकं आहे, त्याला शिखर नाही, आणि त्याची सगळी श्रीमंती हातभर अंतरावरून बघायची आहे. तळाला हत्तींची रांग, तिच्यावर सिंह, वर घोडेस्वार, त्याहून वर पुराणातले प्रसंग. दगड मऊ, म्हणून गळ्यातल्या हाराचा मणी न् मणी सुटा कोरलेला. त्या भिंतीला प्रदक्षिणा घालायला मला अर्धा दिवस पुरला नव्हता. ज्या कलेचा प्राण बारकाव्यात आहे, तिला गेमने डोंगराएवढं केलं, कारण लांबून कॅमेऱ्यात तेच भव्य दिसतं. क्लोईला एकदा तरी त्या हत्तींच्या रांगेवरून हात फिरवत चालायला द्यायचं होतं. ज्यांनी तिबेटी गाव केलं, त्यांना हे जमलं असतं.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ (२०२०) खेळताना मला हेच आठवत होतं. पैसा आणि माणसं यात दोघांची तुलनाच नाही. ‘राजी’ची मारामारी मला विस्कळीत वाटली आणि चढाई ड्रेकइतकीच सोपी आहे. पण त्यात भिंतीवरच्या चित्रांपाशी थांबलं की दुर्गा आणि विष्णू ती कथा सांगू लागतात, आणि खेळणारा ऐकत उभा राहतो.

हे गेम ज्यांना सुरू करायचेत त्यांनी ‘लॉस्ट लेगसी’पासून करावेत. तो स्वतंत्र आहे, लहान आहे, आधीचे भाग माहीत नसले तरी अडत नाही. मग ‘अनचार्टेड २’ घ्या, आणि त्या गावात पोचलात की घरातल्या कोणाला तरी बोलावून कंट्रोलर त्यांच्या हातात द्या.