उत्तर मिळालं नाही, असं लिहा

प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी द्यायच्या आधी जी जनसुनावणी होते, तिच्यात मतदान नसतं. किती लोक बाजूनं आणि किती विरोधात, हे कुणी मोजत नाही. लोकांनी काय विचारलं आणि प्रकल्पवाल्यांनी काय उत्तर दिलं, ते लिहायचं आणि सुनावणी संपताना सगळ्यांना मराठीत वाचून दाखवायचं. त्याच दिवशी जिल्हाधिकाऱ्यांची किंवा त्यांच्या प्रतिनिधीची त्यावर सही होते. केंद्र सरकारच्या पर्यावरण मंजुरीबद्दलच्या २००६ च्या अधिसूचनेत हे स्पष्ट आहे. मंजुरीचा विचार करणारी तज्ज्ञ समिती सहसा गावात येत नाही, तिच्यासमोर हा कागदच जातो. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वतीनं तो लिहायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे होतं.

रायगडमधल्या एका खाडीवर खासगी जेट्टीचा विस्तार व्हायचा होता. मोठ्या बार्जेस आत याव्यात म्हणून खाडीच्या मुखाशी गाळ उपसायचा होता. मांडव भरला होता. आमदार आले, त्यांच्यासोबत टेम्पोतून माणसं आली. रोजगार येणार, रस्ता होणार, माझा पूर्ण पाठिंबा, असं भाषण झालं, टाळ्या पडल्या आणि अर्ध्या तासात ते निघून गेले. त्यांची माणसंही उठली. कंपनीनं उत्तर द्यावं असं त्या भाषणात काहीच नव्हतं, त्यामुळे माझ्या कागदावर ते तीन ओळींत संपलं.

मग एक कोळीण उठली. कंपनीच्या पर्यावरण अहवालात खाडीतल्या माशांची नोंद हिवाळ्यातली होती. पावसाळा वगळून एका हंगामाची निरीक्षणं घेतली की चालतं, म्हणून तेवढीच घेतली होती. ती म्हणाली, "साहेब, जिताड्याची पिल्लं पावसात खाडीत शिरतात. तिथनं खाजणात, शेतात येतात. तुमची माणसं थंडीत आली, त्यांना काय दिसणार? आणि तुम्ही गाळ काढायला लागलात तर आमची कालवं कुठं ऱ्हाणार?"

कंपनीच्या सल्लागारानं माईक घेतला. "योग्य ती काळजी घेतली जाईल." असं वाक्य मी कितीतरी इतिवृत्तांत लिहिलं आहे. ते लिहून घ्यायला सोपं असतं, पण त्याचा पुढे कुणालाच जाब विचारता येत नाही.

तेवढ्यात पंचायत समितीचे सदस्य उभे राहिले. आमदारांच्याच पक्षाचे, मघाशी व्यासपीठावर त्यांच्या शेजारी बसलेले. ते म्हणाले, "मॅडम, मावशींनी विचारलं ते त्यांच्याच शब्दांत लिहा. आणि साहेब, काळजी म्हणजे काय, ते यांना सांगायला लावा. कोणत्या महिन्यात उपसा करणार?" पक्षाची दोन माणसं त्यांचा हात ओढून त्यांना खाली बसवत होती, पण ते बसले नाहीत.

सुनावणी घेणाऱ्या अपर जिल्हाधिकारी साहेबांनी तोच प्रश्न कंपनीला परत केला. प्रकल्पप्रमुख बाहेर जाऊन फोनवर बोलून आले. जून ते सप्टेंबर उपसा करणार नाही आणि होड्यांची वाट मोकळी ठेवू, असं त्यांनी सांगितलं. मी शब्दन् शब्द लिहून घेतला.

शेवटी वाचन सुरू झालं. त्या वाक्याशी आल्यावर सल्लागार जवळ येऊन हळूच म्हणाले, "मॅडम, 'शक्यतो' घाला ना." माईक चालूच होता, सगळ्या मांडवानं ते ऐकलं. बायका एकदम उठल्या. साहेबांनी चित्रीकरण करणाऱ्याकडे बघून विचारलं, "हे आलं ना रेकॉर्डिंगमध्ये?" मग मला म्हणाले, "जसं बोलले तसंच ठेवा."

सदस्यांचा अजून एक प्रश्न होता. फेब्रुवारी २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं उरणकडच्या १६३० मच्छीमार कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपये भरपाई द्यायचा आदेश जेएनपीटी (न्हावा-शेवा बंदर), सिडको आणि ओएनजीसीला दिला होता. ते म्हणाले, "तिथं आधी धंदा गेला, मग लोक कोर्टात गेले. इथं धंदा गेला तर किती देणार, कसं देणार, ते आधीच सांगा." प्रकल्पप्रमुखांनी सल्लागाराकडे पाहिलं, सल्लागारानं कागद चाळले. मी पेन धरून थांबले होते.

"काय लिहू?" मी साहेबांना विचारलं.

"उत्तर मिळालं नाही, असं लिहा."

नोकरीत मी अनेक पुढारी जवळून पाहिले. नदी वाचवण्यावर सुंदर बोलणारेही त्यात होते. पण माझ्या लेखी त्या दिवशी नेतृत्व त्या सदस्यांनी केलं. त्याची किंमतही त्यांनी मोजली. पुढच्या निवडणुकीत पक्षानं त्यांना तिकीट दिलं नाही.

मंजुरीचं पत्र आलं तेव्हा पावसाळ्यातल्या उपशावरची बंदी त्यात अट म्हणून होती. तिचं पालन होतंय का, हे कंपनीला दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबरला लेखी कळवावं लागतं. ते अहवाल मागवून सदस्य ग्रामपंचायतीत वाचून दाखवतात. भरपाईबद्दल पत्रात एक ओळही नव्हती. त्यासाठी मच्छीमार सोसायटीनं अर्ज केला आहे आणि त्याला इतिवृत्ताचं ते पान जोडलं आहे.