खरवड

दुधाच्या पातेल्याची खरवड आजी शिंपल्यानं काढायची. उलथनं हाताशी असलं तरी त्याला हात लावायची नाही. आधी पातेल्यात पाणी ओतून ठेवायचं, मग देवपूजा, मग फुलं, आणि तासाभरानं शिंपला. परवा अंगणात येझदी मोटारसायकलचं क्लचकव्हर उघडून बसलो आणि पहिल्या दहा मिनिटांतच मला तो शिंपला आठवला.

येझदी अण्णांची, १९८४ सालची. म्हैसूरचा तिचा कारखाना १९९६ मध्ये बंद झाला, ही अजून भाजी आणते. तिच्याखाली कायम एक पुठ्ठा असतो, तेलाचे थेंब झेलायला. गळतीचा दोष गाडीचा नाही, आमचा आहे. दर वेळी कुणीतरी घाईत होतं, आणि घाईत असलेला माणूस जुनं पॅकिंग, म्हणजे कव्हर आणि इंजिन यांच्यामधली तेल अडवणारी कागदी पट्टी, पुरतं न काढता त्यावरच नवं बसवतो.

तेल काढलं, किक आणि गिअर दोन्हींचं काम करणारी ती एकच दांडी उतरवली, स्क्रू सोडले, लाकडी ठोकळ्यानं चारी बाजूंनी ठोकलं. कव्हर सुटलं, पण अर्धं पॅकिंग कव्हरला आणि अर्धं इंजिनाला. वर लाल सिलिकॉन, त्याखाली कडक तपकिरी शेलॅक, त्याखाली काळा पडलेला कागद, आणि मग पुन्हा शेलॅक. सिलिकॉन नखानंही निघतं. शेलॅक मात्र ब्लेडला दाद देत नव्हतं.

शेलॅक म्हणजे शेवटी लाखच. पळसावर, बोरीवर, कुसुमावर किडे ती करतात. सोनार पोकळ दागिन्यात भरतो ती हीच, आणि पांडवांसाठी वारणावतात घर बांधलं तेही हिचंच. ती पाण्याला आणि तेलाला जुमानत नाही, पण स्पिरिटमध्ये विरघळते. (आमच्या मेकॅनिकला हे सांगितलं तर तो म्हणाला, "साहेब, मग बसायचं किती वेळ?" त्याचंही बरोबर आहे, त्याच्या दारात सहा गाड्या उभ्या असतात.) मी चिंधी स्पिरिटमध्ये भिजवून त्या कडेवर गुंडाळली, वर प्लॅस्टिक टाकलं आणि आजीसारखा दुसऱ्या कामाला लागलो. ओलं करण्याचा आणखी एक फायदा. जुन्या पॅकिंगमध्ये कधी कधी अ‍ॅस्बेस्टॉस असतं, आणि कोरडं खरवडलं की ती धूळ थेट छातीत जाते.

तासाभरानं बांबूची चीप आणि मुदत संपलेलं एटीएम कार्ड घेऊन बसलो. बिडाच्या इंजिनाला घासलेलं हॅक्सॉ ब्लेड चालतं, पण हे अ‍ॅल्युमिनियम. त्यावर पोलादाचा एक ओरखडा उठला की तेलाला कायमची पायवाट मिळते. पॉलिश पेपरचा मोहही आवरावा लागतो. त्याची कच बेअरिंगमध्ये शिरली की खर्च हजारांत. क्लचवर आणि प्रत्येक भोकात चिंध्या कोंबल्या होत्या, तरी दोन कपच्या आत पडल्याच. त्या चिमट्यानं काढताना जीभ बाहेर येते, का ते कळत नाही.

पण लाख मऊ झाली की मजा येते. साय निघावी तशी पट्टी सलग सुटते आणि खालचा धातू उजळतो, त्यावर कारखान्यातल्या मशीनच्या बारीक रेषासुद्धा दिसतात. तीन तास गेले असतील. नवं पॅकिंग साठ रुपयांचं होतं आणि बसवायला पाच मिनिटं लागणार होती.

शेवटच्या वीतभर जागेत ओरखडा सापडला. सरळ, खोल, स्क्रू ड्रायव्हरच्या रुंदीचा. आणि तो सगळ्यात खालच्या थराखाली होता, म्हणजे मी शाळेत असतानाचा. "त्याला स्क्रू ड्रायव्हर लावायचा नाही" हे वाक्य ऐकतच मी मोठा झालोय.

"अण्णा, हा ओरखडा कुणाचा?"

अण्णा ओट्यावरून उठून आले. चष्मा कपाळावर चढवून वाकले, त्यावरून सावकाश अंगठा फिरवला.

"तिथं जरासं शेलॅक लाव," म्हणाले, आणि चहा झाला का ते बघायला आत गेले.