हा फोटो कोणाचा?

कुडाळहून गाडीनं थिवीला उतरलो तर मामा स्टेशनबाहेर ॲक्टिव्हा लावून बसलेलेच होते, एक हेल्मेट डोक्यावर आणि दुसरं माझ्यासाठी हातात. गोव्याला जातोय म्हणलं की लोक बीचचं नाव विचारतात, मी म्हणलं फोटोंची प्रदर्शनं बघायला चाललोय तर ऑफिसातल्या एकानं विचारलं की फोटो तर मोबाईलवर पण दिसतात ना? जाऊदे.

मामा म्हणजे आईचे चुलतभाऊ. म्हापशात त्यांचा स्टुडिओ होता, सत्तरच्या दशकात सुरू केलेला, ब्लॅक अँड व्हाइट, मागे डार्करूम, पुढे पडद्यावर रंगवलेला धबधबा. आता तिथे मुलाचं झेरॉक्स आणि मोबाईल ॲक्सेसरीजचं दुकान आहे. मामांनी जन्मात म्युझियममध्ये पाऊल टाकलेलं नव्हतं, यायला तयार झाले ते एका अटीवर, की पणजीत रस आमलेट खायचं.

आधी गेलो पिळर्णला, म्युझियम ऑफ गोवा बघायला. पत्ता ऐकून मामा हसले, कारण ते आहे इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, आजूबाजूला कारखाने, टेम्पो, आणि मध्येच ही तीन मजली रंगीबेरंगी बिल्डिंग. सुबोध केरकरांनी 2015 मध्ये हे सुरू केलं, ते आधी डॉक्टर होते, प्रॅक्टिस सोडून चित्रकलेत आले. फक्त फोटोंचं म्युझियम नाहीये हे, शिल्पं आहेत, इन्स्टॉलेशन्स आहेत, गोव्याचा इतिहास वेगवेगळ्या तऱ्हेनं मांडलाय. पण मला बघायचे होते ते त्यांच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या कामांचे फोटो. म्हणजे वाळूत काहीतरी रचायचं, शिंपल्यांचं, नारळाच्या झावळ्यांचं, कधी माणसांनाच होडीच्या आकारात उभं करायचं, फोटो काढायचा, आणि मग भरती आली की खेळ खलास. मूळ काम राहतच नाही, राहतो तो फोटो.

मामा अशा एका फोटोपुढे बराच वेळ उभे. मग म्हणाले, "लग्नासारखंच की रे. मांडव दुसऱ्या दिवशी उतरतो. नंतर लोक भांडायला माझ्याकडे यायचे, की आमच्या आत्याचा फोटो का नाही आला." मी हसलो, पण नंतर लक्षात आलं की एवढ्या सोप्या शब्दांत हे मला कोणीच सांगितलं नव्हतं.

तिथून मालीममार्गे न जाता उगाच पर्वरीच्या ट्रॅफिकमध्ये घुसलो, चूक माझी, मॅप मी बघत होतो. पूल उतरून पणजीत आलो. रस आमलेट झालं, गरम पाव, वर कांदा लिंबू, मामा खुश. मग कांपालच्या बाजूला जुन्या जीएमसीच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या, बिल्डिंगपाशी थोडं थांबलो. ही जागा मला नेहमी आवडते. 1842 मध्ये पोर्तुगीजांनी इथे गोव्यात मेडिकल स्कूल काढलं, पुढे कॉलेज बांबोळीला गेलं, 2004 ला इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव गोव्यात आला तेव्हा ही वास्तू नीट केली, आणि 2016 पासून डिसेंबरात सेरेंडिपिटी आर्ट्स फेस्टिव्हल पणजीत भरतो त्यातली बरीच प्रदर्शनं इथेच असतात. आम्ही गेलो तेव्हा काही नव्हतं. मामांना आठवलं ते वेगळंच, त्यांची आई इथेच वॉर्डात होती, तिच्यासाठी पेज घेऊन म्हापशाहून बसनं यायचे. उंच छताच्या व्हरांड्याकडे बोट दाखवून म्हणाले, "उजेड बघ कसा येतो. पोर्ट्रेटला एक नंबर."

खरं प्रदर्शन होतं एका जुन्या घरात. जागेचं नाव देत नाही, कारण पुढे तक्रार आहे. आत शिरल्याशिरल्या मामा म्हणाले लाइट का घालवलेत? मी सांगितलं की जुने फोटो उजेडानं उडतात म्हणून म्युझियमवाले साधारण 50 लक्सच्या (उजेड मोजायचं एकक) आसपासच उजेड ठेवतात, म्हणजे दिवेलागणीला घरात असतो तेवढाच म्हणा. मामांना लगेच पटलं. त्यांच्या शोकेसमधले रंगीत फोटो उन्हानं आधी लाल पिवळा सोडायचे, दोन वर्षांत नवरीचा शालू निळा आणि नवरी पण निळी. एका पार्टीनं येऊन तो फोटो काढायला लावला होता म्हणे.

निळ्यावरून आठवलं, एका खोलीत सगळे सायनोटाइप होते. निळीच्या रंगाचे प्रिंट, पानांचे, मासळीच्या जाळ्याचे. मामा नाक लावून बघायला लागले, राखणीला बसलेली पोरगी दोनदा "अंकल, थोडं मागे" म्हणाली. त्यांचा प्रश्न एकच, हे फिक्स, म्हणजे पक्कं, कशात केलं? मी म्हणलं साध्या पाण्यात. कागदाला लोखंडाचे क्षार लावायचे, वर वस्तू ठेवून उन्हात धरायचं, मग पाण्यात धुवायचं, बस. "हायपो नको?" हायपो म्हणजे डार्करूममध्ये फोटो पक्का करायचं रसायन. मी म्हणलं नको. मामांचा विश्वास बसेना. त्यांची अर्धी हयात हायपोच्या वासात गेलीय, मामी अजून सांगते की लग्नानंतर पहिलं वर्ष जेवताना मामांच्या हाताला तोच वास यायचा. मग मी त्यांना सांगितलं की चांदीचे क्षार हायपोत विरघळतात हे 1819 मध्ये ज्या जॉन हर्शेलला सापडलं त्यानंच 1842 मध्ये हे निळं प्रिंटिंग पण शोधलं. मामा म्हणाले, "बेचाळीस? म्हणजे ते मेडिकल स्कूलचं साल." हे मी स्वतः कधी जोडलं नव्हतं.

शेवटच्या खोलीत जुनी स्टुडिओ पोर्ट्रेटं. आणि इथे मामा म्युझियम बघणारे राहिले नाहीत, एकदम दुकानाच्या काउंटरमागे गेले. ह्याची हनुवटी खाली घ्यायला हवी होती. हिला खुर्चीच्या काठावर बसवलंय, नऊवारी पसरते म्हणून. एका बाईच्या गालाशी थांबले. म्हणाले इथे टचिंग आहे बघ, देवीचे व्रण असणार. निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलीनं ठिपके ठिपके द्यायचे, निगेटिव्हवर काळं झालं की प्रिंटवर तेवढं उजळतं, खड्डा भरतो. मी दोन पावलं मागून बघितलं तर गाल गुळगुळीत. जवळ गेल्यावर, तेही मामांनी बोटानं हवेत गोल काढल्यावर, जरासं दाणेदार दिसलं. एवढी प्रदर्शनं बघितली, हे मला कधी दिसलं नव्हतं.

मग त्यांनी त्या पोरीला विचारलं, "हा फोटो कोणाचा?"

तिनं फोटोग्राफरचं नाव सांगितलं, पाटीवर तेच होतं. मामा म्हणाले ते नाही ग बाय, फोटो कोणाचा? तिनं परत तेच नाव सांगितलं. असं तीनदा झालं. दोघंही बरोबर होते. खाली पाटीवर काढणाऱ्याचं नाव, साल, कागदाचा प्रकार, साइज, सगळं होतं, त्या बाईचं नाव मात्र नाही. एकाही पोर्ट्रेटखाली बसलेल्या माणसाचं नाव नव्हतं. वर पाटीची अक्षरं मुंगीएवढी आणि काचेवर खिडकीचं प्रतिबिंब, ते वेगळंच.

बाहेर येऊन मामा चांगलेच तापले. त्यांच्याकडे पावतीबुक असायचं, नंबर, नाव, गाव, किती कॉपी, ॲडव्हान्स किती. निगेटिव्हच्या पाकिटावर पण तोच नंबर. पावसात बुरशी येऊ नये म्हणून ती पाकिटं कपाटात ठेवून आत 15 चा बल्ब पेटता ठेवायचे. "माझं नाव मी फक्त मागे शिक्क्यात मारायचो," म्हणाले. मी त्यांना हळदोण्याचं सांगितलं, 2019 मध्ये गोवाफोटो फेस्टिव्हलमध्ये तिथल्या घराघरांतले कौटुंबिक फोटो गोळा करून गावातच दाखवले होते, म्हणजे भिंतीवरची माणसं बघणाऱ्यांच्या ओळखीची. मामा म्हणाले, "मग तिथे न्यायचं होतंस ना." आता 2019 ला कसं नेणार.

परत म्हापशाला येईपर्यंत काळोख झाला. पिळर्णला मी मामांचा एक चांगला फोटो काढला होता, मोठ्या फ्रेमसमोर ते पाठीवर हात बांधून उभे, मान जरा वळलेली, मागे अख्खा समुद्र. रात्री व्हॉट्सॲपवर पाठवला. सकाळी बघतो तर डीपी लावलेला, पण क्रॉप करून. समुद्र गेला, वाळू गेली, फ्रेमची कड पण शिल्लक नाही, नुसते मामा, आणि हनुवटी जरा खाली हवी होती असा मेसेज.